छायाचित्रासोबत छायाचित्रकाराची वहीही छापा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील निसर्गछायाचित्रांचे पान मी गेली कित्येक वर्षे पाहत आलो आहे. ‘पाहत आलो आहे’ असे मुद्दाम लिहितो, कारण त्या पानावर वाचण्याजोगे जवळपास काही नसते. चित्राखाली छायाचित्रकाराचे नाव, लेन्स किती मिलिमीटरची, शटरचा वेग, अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र किती उघडे होते ते) आणि आयएसओ एवढे येते. वर ‘निसर्गाची किमया’ किंवा ‘रंगांची उधळण’ असा मथळा असतो, जो गेल्या आठवड्यात फुलपाखराला लावला होता आणि पुढच्या आठवड्यात सूर्यास्तालाही चालून जाईल. माझी विनंती एवढीच आहे की, या पानावर दर आठवड्याला एक चित्र कमी छापावे आणि त्या जागेत उरलेल्यांपैकी एका चित्राविषयी ते काढणाऱ्याने स्वतः लिहिलेला मजकूर द्यावा. ही विनंती कशासाठी, हे थोडे विस्ताराने सांगतो. पत्र लांबले तर क्षमस्व.

मी व्यवसायाने छायाचित्रकार नाही. वीसेक वर्षे कीटकांची आणि गवतफुलांची छायाचित्रे काढतो आणि तेवढीच वर्षे सोबत एक वही बाळगतो. त्यामुळे या प्रश्नात माझा थोडा स्वार्थ आहे, हे आधीच कबूल केलेले बरे.

‘चांगल्या छायाचित्राला शब्दांची गरज नसते’ हे वाक्य छायाचित्रकारांच्या बैठकीत हमखास ऐकू येते, आणि ते इतक्या विश्वासाने म्हटले जाते की छायाचित्रणाचा आरंभच लेखनासह झाला, याची आठवण कोणाला राहत नाही. छायाचित्रणाच्या जनकांपैकी एक, ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांचे ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ हे पुस्तक १८४४ ते १८४६ या काळात सहा भागांत निघाले. त्यात २४ छायाचित्रे होती आणि प्रत्येकासोबत टॅल्बट यांनी स्वतः लिहिलेला मजकूर होता. ते शास्त्रज्ञ होते आणि त्यांचा चित्रकलेचा हात कच्चा होता. १८३३ साली कोमो सरोवराच्या काठी कॅमेरा ल्युसिडा नावाच्या उपकरणाच्या आधाराने निसर्गचित्र काढण्याचा त्यांचा प्रयत्न फसला आणि निसर्गानेच कागदावर आपले चित्र उमटवावे, ही कल्पना त्या अपयशातून निघाली. हे आपल्याला ठाऊक आहे, कारण त्यांनी ते लिहून ठेवले. चित्र चांगले येत नव्हते ही गोष्ट लपवण्यासारखी आहे, असे त्यांना वाटले नाही.

त्याच पुस्तकात त्यांनी एक निरीक्षण नोंदवले आहे, जे मला आजही छायाचित्रणावरच्या अनेक जाडजूड ग्रंथांपेक्षा मोलाचे वाटते. छायाचित्र काढणाऱ्याला पुष्कळदा मागाहून, कधी फार उशिरा, असे आढळते की चित्र घेताना ज्यांची आपल्याला कल्पनाही नव्हती अशा गोष्टी चित्रात आल्या आहेत. इमारतीवरचा एखादा लेख, एखादी तारीख, किंवा दूरच्या घड्याळाची तबकडी, आणि त्या तबकडीवर चित्र घेतले ती वेळ आपसूक नोंदलेली. म्हणजे छायाचित्राला छायाचित्रकारापेक्षा जास्त दिसते, हे त्या कलेच्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकात, तिच्या एका जनकाने मान्य केले होते.

याच सुमारास अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या वनस्पतींच्या अभ्यासक बाईंनी वेगळीच वाट काढली. खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ साली सायनोटाइपची रीत शोधली होती. लोहाचे क्षार लावलेला कागद उन्हात ठेवायचा, पाण्याने धुवायचा, की ऊन लागलेला भाग निळा होतो आणि झाकलेला भाग पांढरा राहतो. अ‍ॅटकिन्स यांनी १८४३ पासून दहा वर्षे सागरी शेवाळांचे नमुने थेट अशा कागदावर ठेवून त्यांच्या प्रतिमा घेतल्या आणि त्यांचा संग्रह भागाभागाने प्रसिद्ध केला. त्यातील मजकुराची पानेही छापखान्यात जुळवलेली नव्हती. त्यांच्या हस्ताक्षरावरून तीच निळी प्रत, त्याच उन्हात उतरवलेली होती. शेवाळाचे नाव आणि शेवाळाचा आकार एकाच प्रकाशाने एकाच कागदावर लिहिला गेला. चित्र वेगळे आणि लेखन वेगळे ही आपली विभागणी त्यांच्यासमोर मांडली असती तर त्या गोंधळल्या असत्या, असे मला वाटते.

आता टॅल्बट यांच्या त्या घड्याळाकडे परत येतो. अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांचे न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ या खेड्यावरील चंद्रोदयाचे छायाचित्र अनेक वाचकांनी पाहिले असेल. खाली दफनभूमीतले पांढरे क्रूस, मध्ये घरे आणि चर्च, मागे बर्फाळ डोंगर आणि ढगांची पट्टी, आणि वर जवळजवळ काळ्या आकाशात चंद्र. अ‍ॅडम्स तांत्रिक बाबतीत कमालीचे काटेकोर होते, पण तारखांच्या बाबतीत तितकेच बेफिकीर. या एका छायाचित्राला त्यांनी वेगवेगळ्या वेळी १९४० पासून १९४४ पर्यंतची निरनिराळी साले लावली. अखेर खगोल अभ्यासकांनी चित्रातील चंद्राची जागा आणि भूगोल यांवरून गणित मांडले. पहिल्या गणितात ३१ ऑक्टोबर १९४१ ही तारीख आली. पुढे डेनिस डी चिको यांनी ते गणित तपासून १ नोव्हेंबर १९४१, दुपारचे ४ वाजून ४९ मिनिटे, अशी दुरुस्ती केली. टॅल्बट यांनी सांगितलेली दूरची तबकडी या चित्रात थेट आकाशात होती आणि सुमारे पन्नास वर्षे तिच्यावरची वेळ कोणी अचूक वाचली नव्हती.

पण जे चंद्राला सांगता आले नाही, ते अ‍ॅडम्स यांनी लिहिले. गाडीतून जाताना दृश्य दिसले, गाडी थांबवली, ८ बाय १० इंची कॅमेरा घाईघाईने उभा केला आणि प्रकाशमापक काही केल्या सापडेना. सूर्य मागच्या ढगांकडे उतरत होता आणि क्रूसांवरचा उजेड कोणत्याही क्षणी जाणार होता. चंद्राची दीप्ती दर चौरस फुटाला २५० कँडल असते, हे त्यांना पाठ होते. त्यावरून त्यांनी मनातल्या मनात एक्सपोजर, म्हणजे फिल्मवर किती उजेड पडू द्यायचा ते, ठरवले आणि एक निगेटिव्ह घेतली. दुसरी घेण्यासाठी फिल्मचा होल्डर उलटा करेपर्यंत क्रूसांवरचा उजेड गेला. ही हकिकत वाचल्यावर ते चित्र बदलत नाही, पण आपण त्याकडे पाहतो ते बदलते: आधी ते एक भव्य, शांत दृश्य वाटते, नंतर त्या शांततेमागची धावपळ कळते आणि त्याहीपेक्षा, चंद्राची दीप्ती पाठ असणे म्हणजे काय, हे कळते. ती अनेक वर्षांची तालीम होती. प्रतिभेचा झटका म्हणून आपण ज्याची तारीफ करतो, त्यात पाठांतराचा वाटा किती असतो, हे त्या चित्राखाली शटरचा वेग छापून कधीच समजले नसते.

आणखी एक गोष्ट त्यांनी उघड केली. त्या संध्याकाळी आकाश तितके काळे नव्हते. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये वरच्या आकाशात फिकट ढगांचे पट्टे दिसतात. पुढच्या दशकांत अ‍ॅडम्स डार्करूममध्ये प्रिंट काढताना कागदावरच्या आकाशाला जास्त प्रकाश देत गेले आणि त्यामुळे ते गडद होत गेले. इतकेच नव्हे, मूळ निगेटिव्हच्या खालच्या भागावर त्यांनी काही वर्षांनी रासायनिक प्रक्रियाही केली होती. तरुणपणी ते पियानो शिकले होते, म्हणून निगेटिव्ह ही संगीताची लिखित संहिता आणि प्रिंट हे तिचे प्रत्यक्ष वादन, अशी उपमा ते देत. वादन दर वेळी थोडे वेगळे होणारच. संगणकावर चित्र ‘एडिट’ करणे ही लबाडी आहे की कला, या वादात आपल्या पुरवणीच्या वाचकांची बरीच पत्रे मी वाचली आहेत. मला वाटते, अ‍ॅडम्स यांनी या वादाचा निकाल फार आधी आणि फार साधेपणाने लावला होता: काय केले ते सांगून टाकावे.

आजचा कॅमेरा तारखेची चिंता करू देत नाही, हे खरे. प्रत्येक फाइलच्या पोटात दिवस, वेळ, लेन्स, एक्सपोजर सारे आपोआप लिहिले जाते, कित्येकदा अक्षांश-रेखांशही. अ‍ॅडम्स यांना जे आठवत नव्हते ते सगळे यंत्राला आठवते. मात्र यंत्राने आपल्या वतीने लिहायला सुरुवात केल्यापासून आपण स्वतः लिहिणे सोडून दिले आहे, आणि आपल्या पानावरचे ते आकडे म्हणजे यंत्राच्या नोंदवहीतला उतारा आहे. शटरचा वेग १/८०० सेकंद होता, हे मला कळते. त्या १/८०० सेकंदासाठी माणूस तीन तास बसला होता की मोटारीच्या खिडकीतून जाता जाता त्याने बटण दाबले, हे कळत नाही. पक्षी पंख पसरून उडाला तो आपणहून, की छायाचित्रकाराच्या सोबत्याने टाळी वाजवली म्हणून?

लिहिण्याची सवय चित्र काढण्याच्या कामाला नेमकी कशी लागू पडते, याचे सर्वांत चांगले उदाहरण मला अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन यांचे वाटते. ते पहाटे उठून, घर जागे होण्याआधी, रोजनिशी लिहीत. १९३० च्या ऑगस्टमध्ये त्यांनी ढोबळ्या मिरचीची छायाचित्रे घेण्याचा धडाका लावला आणि चार दिवसांत किमान ३० निगेटिव्ह केल्या. मिरची कशावर ठेवायची, तिच्यामागे काय ठेवायचे, हे काही केल्या जमत नव्हते. अखेर त्यांनी ती आडव्या केलेल्या पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली. नरसाळ्याच्या उताराने मागचा भाग मऊ अंधारात गेला आणि पत्र्यावरून परतलेला प्रकाश मिरचीच्या वळणांवर पसरला. अ‍ॅपर्चर इतके बारीक होते की एका एक्सपोजरला काही मिनिटे लागत; तेवढ्या वेळात कोणी जोराने चालले तरी चित्र हलण्याची भीती. ‘पेपर क्रमांक ३०’ (म्हणजे ‘मिरची क्रमांक ३०’) या नावाने ते चित्र जगभर गाजले. नरसाळे चित्रात ओळखू येत नाही. रोजनिशी नसती तर ती वाकलेली, पाठमोऱ्या माणसासारखी मिरची कोणत्या अज्ञात अवकाशात तरंगते आहे, याविषयी समीक्षकांनी पानेच्या पाने लिहिली असती. तशी त्यांनी लिहिलीच, आणि तिच्यात नाना गूढ अर्थही शोधले. वेस्टन त्यावर वैतागत आणि तेही वहीत उतरवत.

त्या वहीत पैशांची ओढाताण आहे, पोटासाठी माणसांचे फोटो काढावे लागण्याचा कंटाळा आहे, आज काम झाले नाही अशी कबुली आहे. मला तिचे महत्त्व या गोष्टींमुळेच वाटते. निसर्गाविषयी लिहायचे म्हटले की आपल्याकडे लेखणी लगेच ओली होते. पाने कुजबुजू लागतात, वारा गाणी गाऊ लागतो. तशा लेखनाला माझा विरोध नाही, पण ते चित्र न पाहताही लिहिता येते. नरसाळे मात्र ज्याने वापरले त्यालाच ठाऊक असते.

आणखी एक अमेरिकन छायाचित्रकार आल्फ्रेड स्टीगलिट्झ यांचे उदाहरण थोडे वेगळ्या कारणासाठी देतो. त्यांच्या व्यक्तिचित्रांचे सामर्थ्य समोरच्या माणसांवर त्यांची छाप पडते म्हणून आहे, असे कोणीतरी म्हटले. तेव्हा ज्यांच्यावर कोणाचीच छाप पडत नाही अशा ढगांची छायाचित्रे त्यांनी १९२२ पासून घेतली. विषय कोणताही असो, चित्र आपल्या बळावर उभे राहते, हे त्यांना दाखवायचे होते. पण हे आपण का करतो आहोत, हे सांगण्यासाठी १९२३ मध्ये त्यांना लेखच लिहावा लागला. चित्राला शब्द नकोत, असे मानणाऱ्यांनी या गमतीचा विचार करावा.

आता माझ्या वहीतले एक पान. दोन वर्षांपूर्वी आमच्या खिडकीच्या चौकटीवर कुंभारीण माशीने मडके बांधायला घेतले. हे मडके करंगळीच्या पेराएवढे असते आणि त्याच्या गळ्याला बाहेर वळलेली सुबक कड असते. मी अगदी जवळून चित्र घेणारी मॅक्रो लेन्स आणि ट्रायपॉड लावून बसलो. वहीत नोंद करायची सवय म्हणून खेपा मोजू लागलो: सकाळी ९ वाजून १० मिनिटांपासून १० वाजून ५५ मिनिटांपर्यंत मातीच्या १८ खेपा. जबड्यात ओल्या मातीची गोळी घेऊन ती येई, कडेवर बसे, आणि पुढच्या पायांनी व जबड्याने ती गोळी पट्टीसारखी लांबवत मागे मागे सरके. ताजी पट्टी गडद दिसे आणि मिनिटाभरात फिकी पडे, त्यामुळे मडक्यावर प्रत्येक खेपेचा वळसा वेगळा वाचता येत होता. खेपा मोजल्या नसत्या तर शेवटच्या दोन गोळ्या निव्वळ गळ्यासाठी होत्या, हे माझ्या लक्षात आले नसते. आणि ते लक्षात आले नसते तर कॅमेरा मी मडक्याच्या पोटासमोर लावून ठेवला होता, तो वर सरकवला नसता. ही माशी आत एक अंडे बारीक धाग्याने लटकवते, मग बधिर केलेल्या अळ्या पिल्लाच्या शिदोरीसाठी आणून भरते आणि शेवटी मातीने तोंड बंद करते. हे पुस्तकात वाचलेले होते. पण तिसऱ्या प्रहरी ती खरोखरच हिरवी अळी कवटाळून कडेवर उतरली तेव्हा माझे हात थरथरले.

अळीचे अर्धे अंग मडक्यात आणि अर्धे बाहेर असताना मी फ्लॅश मारला. चित्र उत्तम आले. माशीचा एक पाय कडेवर, अळीच्या अंगावर प्रकाशाचा बारीक ठिपका, मागे काळोख. ते एका स्पर्धेत वाखाणले गेले. वहीत त्याच्या पुढची ओळ अशी आहे: ‘फ्लॅशनंतर अळी खाली पडली. माशी उडाली. सव्वा तासाने परतली, रिकामी.’ स्पर्धेच्या अर्जात कॅमेऱ्याचे सर्व तपशील भरायला रकाने होते. ही ओळ लिहायला रकाना नव्हता आणि मीही ती कुठे लिहिली नाही.

माझी चूक लहान आहे. मोठ्या चुका जगजाहीर झालेल्या आहेत. वन्यजीव छायाचित्रणाच्या एका प्रख्यात आंतरराष्ट्रीय स्पर्धेत २००९ साली फाटकावरून झेपावणाऱ्या लांडग्याच्या चित्राला सर्वोच्च बक्षीस मिळाले आणि २०१० मध्ये ते काढून घेतले गेले, कारण तो लांडगा बहुधा पाळीव, शिकवलेला आहे, असा परीक्षकांचा निष्कर्ष निघाला. त्याच स्पर्धेत २०१७ च्या एका विजेत्या चित्रातील मुंगीखाऊ प्राणी पेंढा भरलेला असल्याचे तज्ज्ञांचे मत पडल्याने २०१८ मध्ये तेही बाद झाले. दोन्ही छायाचित्रकारांनी आरोप नाकारले. दोन्ही चित्रे पाहायला अप्रतिम होती, आणि चित्राकडे पाहून केवळ डोळ्यांनी खरे-खोटे ओळखणे नामवंत परीक्षकांनाही पहिल्या वेळी साधले नाही. छायाचित्रकाराने दोनशे शब्द लिहिले म्हणून खोटेपणा थांबेल, इतका मी भाबडा नाही. खोटे लिहिताही येते. पण लिहिताना तपशील द्यावे लागतात, तपशील तपासता येतात, आणि ज्याने खरोखर तीन दिवस घालवले आहेत त्याच्या तपशिलांना एक वेगळा पोत असतो, जो सरावलेल्या वाचकाला ओळखू येतो.

तेव्हा विनंतीचा व्यवहार्य भाग. हा मजकूर कौतुकाचा नसावा आणि तंत्राच्या शिकवणीचाही नसावा. चित्राच्या चौकटीबाहेर काय होते, प्राण्यापासून आपण किती दूर होतो, त्याला बोलावण्यासाठी आमिष किंवा आवाज वापरला का, हे एवढे यावे. अनेक चित्रे जोडून एक चित्र केले असेल तर तेही यावे. अगदी जवळून काढलेल्या कीटकांच्या बाबतीत हे आता सर्रास होते आणि त्यात गैर काहीच नाही, पण डोक्यापासून पायापर्यंत लख्ख दिसणारी मुंगी ही तीस-चाळीस चित्रांची मिळून झालेली आहे, हे नव्याने कॅमेरा घेतलेल्या मुलांना कोणी सांगत नाही आणि ती बिचारी आपल्या लेन्सला दोष देत बसतात. घरट्यांच्या चित्रांबाबत मात्र उलट सावधगिरी हवी. तिथे नेमके ठिकाण मुळीच छापू नये, छायाचित्रकाराने कितीही हौसेने लिहून पाठवले तरी. आणि फसलेल्या चित्राविषयी कोणी मनापासून लिहिले असेल, तर एखाद्या रविवारी ते फसलेले चित्रही छापण्याचे धाडस आपण करावे.

‘छायाचित्रकारांना लिहिता येत नाही’ अशी अडचण आपल्या संपादकीय विभागातून पुढे येईल, याची मला कल्पना आहे. येत नाही हे बऱ्याच अंशी खरे आहे. लिहायला कोणी सांगितलेच नाही, हेही तितकेच खरे आहे. भाषा सुधारण्याचे काम आपल्याकडची अनुभवी मंडळी सहज करतील. फक्त सुधारताना नरसाळे काढून तिथे ‘किमया’ घालू नये.

या पत्रासोबत कुंभारीण माशीचे ते छायाचित्र आणि वहीतील त्या दिवसाची नोंद जोडली आहे. छापण्याचा आग्रह नाही. छापायचे ठरले आणि जागा कमी पडली, तर आधी कॅमेऱ्याच्या आकड्यांना कात्री लावावी, मग खेपांच्या वेळांना. फ्लॅशनंतरची ओळ तेवढी राहू द्यावी.

आपला नम्र,
पुरवणीचा एक जुना वाचक